वरची बाजू कोणती

४ मार्च

नवी वही. जुन्या वहीत निम्मी पानं संकल्पांनी भरली होती आणि उरलेली ते का मोडले याच्या कारणांनी. या वहीत फक्त काम लिहायचं. मोजकं, मुद्द्याचं.

तरी सुरुवातीला संकल्प लिहून टाकतो, म्हणजे विषय संपला. चहात साखर बंद. लिफ्ट बंद. (ऑफिसातली लिफ्ट तशीही बंदच आहे, पण आता ती माझ्या मर्जीने बंद आहे.) आणि ‘मी आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य ऑफिसात उच्चारायचं नाही.

आज साहेबांनी बोलावलं. तळघरातला जुना प्रिंटर गेला. त्याच्या जागी नवा आलाय आणि संस्थेच्या विद्यार्थ्यांची यंदाची सगळी सर्टिफिकेटं त्याच्यावर छापायची आहेत. प्रश्न असा, की जुन्या सिस्टीममधून छापायची की नव्या. नव्या सिस्टीमची बाई तिथेच बसली होती. वयाने माझ्या निम्मी. म्हणाली, आमच्याकडून घ्या सर, दोन क्लिकचं काम आहे. या बाईंचं जगातलं प्रत्येक काम दोन क्लिकचं असतं. मी मनातल्या मनात तिचं नाव दोनक्लिक ठेवलं.

साहेबांना शांतपणे सांगितलं की जुनी सिस्टीम मी तरुणपणी उभी केली, तिचा कोपरा न् कोपरा मला ठाऊक आहे, प्रिंटर कुठलाही आणा, परवा गठ्ठा तुमच्या टेबलावर. साहेब म्हणाले, परवा नको, वाटपाच्या कार्यक्रमाच्या आधी आला तरी पुरे, पण सरळ येऊ द्या. सरळ का म्हणाले कळलं नाही. सर्टिफिकेट वाकडं कोण छापतं?

संध्याकाळी हिला सांगितलं. यंदाच्या सर्टिफिकेटांत हिचंही आहे. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, पहिला वर्ग. लग्नात सुटलेलं शिक्षण या वयात पुन्हा धरलं आणि रोज जेवणाची ताटं उचलून झाल्यावर त्याच टेबलावर पुस्तकं मांडून पुरं केलं. त्या काळात मी टीव्हीचा आवाज कमी ठेवायचो, हे कुणी लक्षात घेत नाही. ही एवढंच म्हणाली, अहो, नीट होईल ना? महिनाअखेरीला लॅबमध्ये मुलाखत आहे, सर्टिफिकेट लागणार आहे. मी म्हटलं, तुझं सर्टिफिकेट मी स्वतः, माझ्या हाताने छापणार. हिला भरून आलं असावं, कारण काही बोलली नाही.

६ मार्च

पहिली ट्रायल.

आधी पाया नोंदवून ठेवतो. आमचं सर्टिफिकेट म्हणजे तीन थर. खाली जाड कागद, त्यावर संस्थेचा सोनेरी शिक्का आधीच उठवलेला. त्यावर ओव्हरले, म्हणजे मशीनमध्ये साठवलेलं चित्र: नक्षीची चौकट, संस्थेचं नाव, संचालकांची सही. आणि त्यावर मजकूर: विद्यार्थ्याचं नाव, विषय, श्रेणी. मजकूर माझ्या प्रोग्रॅममधून येतो. ओव्हरले यंदा दोनक्लिकने बनवला, कारण संचालक बदलले आणि सही नव्याने स्कॅन करायची होती. कागद ट्रेमामा लावतात. ट्रेमामा म्हणजे प्रिंट रूमचे ऑपरेटर. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणतं आणि प्रिंटरच्या ट्रेला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणून ट्रेमामा.

माझं टेबल सगळ्यात वरच्या मजल्यावर, प्रिंटर तळघरात. वर बटण दाबायचं, खाली जाऊन बघायचं.

बघितलं. चौकट आडवी आली, नाव उभं. पालीसारखं चौकटीच्या कडेने वर चढत गेलेलं.

किरकोळ आहे. जुना प्रिंटर कागद अरुंद बाजूने ओढायचा, हा रुंद बाजूने ओढतो. पानाचं रोटेशन नव्वद अंशांनी बदललं की झालं. आजच करणार होतो, पण जिना चढून आल्यावर डोकं जरा गरगरलं. आजच्यापुरती साखर घेतली.

७ मार्च

रोटेशन बदललं. खाली गेलो. आता नाव आडवं आणि चौकट उभी.

म्हणजे पान फिरवलं की ओव्हरलेही पानाबरोबर फिरतो. हे मला माहीत होतं. फक्त खात्री करून घ्यायची होती.

मामा म्हणाले, कालच्यापेक्षा काही बरं वाटत नाही. मी म्हटलं, मामा, काल नाव चुकलं होतं, आज चौकट चुकलीय. याला प्रगती म्हणतात. मामांना प्रगतीचं काही सोयरसुतक नाही.

१० मार्च

अपराधी सापडला. सिस्टीममध्ये एक सेटिंग ‘ऑटो’वर होतं. ऑटो म्हणजे पान उभं की आडवं ते सिस्टीम स्वतः ठरवते. माझ्या प्रोग्रॅममध्ये माझ्याखेरीज कुणी काही ठरवलेलं मला खपत नाही. ऑटो बंद. हुकूम माझा.

साहेबांना खाली घेऊन गेलो, मोठ्या तोऱ्यात. मामांनी पहिल्यांदाच खरा जाड कागद लावला. पान आलं. चौकट आडवी. नाव आडवं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब पानाकडे बघत होते. म्हणाले, हे नाव डोक्यावर उभं आहे.

होतं. शिक्का वर, संस्थेचं नाव वर, आणि विद्यार्थ्याचं नाव उलटं. साहेबांनी पान फिरवून धरलं, मग नाव सरळ झालं आणि संस्था उलटी झाली. त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं आणि फोन आल्यासारखं करून वर गेले.

जाड कागदाचं एक वैशिष्ट्य. प्रत्येकावर नंबर असतो, एका विद्यार्थ्याला एकच. वाया गेला तर साहेबांसमोर रद्द करावा लागतो आणि मग त्या विद्यार्थ्याच्या सर्टिफिकेटवर कायमचं ‘दुय्यम प्रत’ येतं. नशीब, आजचा कागद नमुन्याचा होता.

जेवताना पाय हलवत होतो म्हणे. ही म्हणाली, अहो, आमटी हिंदकळतेय. मग विचारलं, काही अडलंय का? मी म्हटलं, काही अडलेलं नाही, सगळं एकशे ऐंशी अंशांत आहे.

११ मार्च

नाव फिरवलं. चुटकीसरशी. एक आकडा बदलायचा होता. कुणाला काही बोललो नाही. साहेबांना तयार पानच दाखवायचं आणि गप्प उभं राहायचं, असं ठरवलं. गप्प उभं राहण्याची घरी आरशासमोर थोडी प्रॅक्टिस केली.

खाली गेलो तेव्हा मामा ट्रेशी काहीतरी करत होते. काय करताय विचारलं, तर म्हणाले, कागद जरा मोकळा करतोय. जिन्यात दोनक्लिक भेटली. घाईत होती. म्हणाली, मीही जरा एक गोष्ट करून आले, बघा तुम्ही आता.

पान आलं. शिक्का आणि चौकट एकीकडे, नाव उलटं. कालच्यासारखंच. कालचं पान शेजारी ठेवून बघितलं, काही फरक नाही.

म्हणजे माझा बदल मशीनने घेतलाच नाही. या प्रिंटरला माझ्याबद्दल काहीतरी आहे.

१२ मार्च

मीटिंग. साहेबांनी विचारलं, काल कुणी काही बदललं का? मी मूग गिळून बसलो. मामा छताकडे बघत होते. दोनक्लिक टॅबलेटवर काहीतरी पुसत होती. साहेब म्हणाले, मग असं करा, आता कुणीही कशालाही हात लावू नका, जे जसं होतं तसं राहू द्या.

जे जसं होतं तसं म्हणजे परवासारखं. मी प्रामाणिक माणूस आहे. टेबलावर येऊन आकडा गुपचूप पूर्ववत केला.

दुपारी पुन्हा पान काढलं. तेच. शिक्का आणि चौकट एकीकडे, नाव उलटं.

१४ मार्च

सुट्टी. सोफ्याच्या पाठीवर पाय टाकून डोकं खाली सोडलं आणि खोली उलटी बघितली. विचाराला कलाटणी मिळते, असं कुठेतरी वाचलं होतं. ही येऊन उभी राहिली. बराच वेळ बघितलं तिने. मग म्हणाली, अहो, मला एक सांगा, नव्या सिस्टीमवरून छापलं तर काय बिघडतं?

मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. समजावताना उठून बसावं लागलं, मग उभं राहावं लागलं, मग गॅलरीपर्यंत जाऊन यावं लागलं. परत आलो तेव्हा ती लॅबचं पुस्तक घेऊन बसली होती. परीक्षा झाल्यावरही वाचते. मुलाखतीत विचारतात म्हणे.

१७ मार्च

स्फोट. मामांच्या तोंडून निघून गेलं की त्यांनी त्या दिवशी जाड कागद उलटा लावला होता. नाव उलटं दिसतंय म्हणजे कागदच उलटा लागला असणार, असा त्यांचा अंदाज. आणि साहेब हात लावू नका म्हणाल्यावर पुन्हा होता तसा केला. ते ऐकून दोनक्लिक म्हणाली, अय्या, मी पण ओव्हरले उलटा करून टाकला होता, आणि मीटिंगनंतर परत सरळ केला. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

माझ्याकडे का बघत होते, कळलं नाही. बोलणं मात्र भाग पडलं.

म्हणजे अकरा तारखेला तिघांनी आपापला थर फिरवला आणि बारा तारखेला तिघांनी परत फिरवला. कुणी कुणाला सांगितलं नाही. साहेब म्हणाले, एका अंथरुणात तिघांनी झोपावं तसं चाललंय, एकदम कूस बदलता आणि पांघरूण जिथल्या तिथे.

यातून माझा बदल अचूक होता हे सिद्ध झालं. साहेबांच्या ते लक्षात आणून दिलं. त्यावर त्यांनी ठरवलं की यापुढे मामा आणि बाई काहीही करणार नाहीत, फक्त मी एक आकडा बदलायचा. एवढं सांगून वर म्हणाले, फक्त आकडा हं.

१८ मार्च

आकडा बदलायला बसलो आणि जाणवलं की हे मलमपट्टीचं काम आहे. उद्या पुन्हा प्रिंटर बदलला तर? प्रोग्रॅमचा छपाईचा सगळा भाग मुळापासून लिहायला घेतला. आता पान कुठलंही असो, ओव्हरले कुठलाही असो, तो स्वतःच ओळखेल वरची बाजू कोणती. थोडं ऑटोसारखंच झालं, पण हे ऑटो माझं आहे.

खूप दिवसांनी अंगात काहीतरी सळसळतंय. जिना दोन-दोन पायऱ्या चढलो. गुडघ्याने त्याची नोंद घेतली.

२० मार्च

चौकट एका पानावर. नाव दुसऱ्या पानावर. संचालकांची सही तिसऱ्या पानावर, एकटीच.

मामा म्हणाले, पण सगळं सरळ आलंय.

२१ मार्च

साहेबांनी गठ्ठा दोनक्लिककडे दिला. जेवणाच्या सुट्टीआधी सगळी छापून झाली. मी खाली गेलो नाही. खिडकीशी उभं राहून समोरच्या इमारतीतल्या पाण्याच्या टाकीकडे बघत होतो. टाकी सरळ होती.

दुपारी ती स्वतः माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, सर, एक ठेवलंय, वहिनींचं. तुम्ही मागे म्हणाला होता ना, स्वतः छापणार म्हणून. छापू का मी? दोनच क्लिक. की तुम्ही...

मी म्हटलं, ठेवा. घरचं काम आहे, मी बघतो.

साहेबांनी परवानगी दिली. म्हणाले, वहिनींचं आहे म्हणून देतोय, नाहीतर तुमच्या हातात आता साधं पाकीट छापायला दिलं नसतं. साहेबांचा स्वभाव असा मिश्किल आहे.

२२ मार्च

हिला सांगितलं की तुझं वेगळं छापणार, एकटं, जुन्या सिस्टीमवर. सगळ्या लॉटमध्ये तेवढं एकच.

ही म्हणाली, सगळ्यांसारखंच असू दे की हो.

काही माणसांना साधेपणाची फार हौस असते. मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी करतोय. त्यावर तिने भाजी ढवळायला घेतली. भाजी शिजलेली होती.

२४ मार्च

साध्या कागदावर ट्रायल. नवा भाग काढून टाकला, जुनाच ठेवला, फक्त तो आकडा बदलला. (साहेब जे सुचवत होते तेच, पण मी ते अनुभवातून शोधलं.)

सरळ आलं. चौकट आडवी, नाव आडवं, दोन्ही सरळ. पुन्हा काढलं. सरळ. वर जाऊन, खाली येऊन, पुन्हा काढलं. सरळ.

एक ट्रायल घडी घालून खिशातून घरी आणली. हिने हात पुसले आणि दिव्याखाली धरून मोठ्याने वाचली. स्वतःचं नाव, मग विषय, मग पहिला वर्ग. पुन्हा एकदा पहिला वर्ग. म्हणाली, अहो, छानच झालंय की. मी म्हटलं, मी आधीच सांगितलं होतं. (हे घर आहे, ऑफिस नाही, त्यामुळे संकल्प मोडत नाही.)

महिनाभरात पहिल्यांदा पाय स्वस्थ होता.

२५ मार्च, सकाळ

आज खरा कागद. हिच्या नंबरचा, एकुलता एक. मी स्वतः तळघरात नेऊन, स्वतः तपासून, स्वतः ट्रेमध्ये ठेवला. मामांनी ट्रेला हात लावू दिला, वहिनींचं काम म्हणून. मग बटण दाबायला वर आलो.

२५ मार्च, दुपार

लिहिण्याची इच्छा नाही.

मी जिना चढत असताना मामांनी ट्रे उघडला. कागदावर सोनेरी शिक्का खालच्या बाजूला दिसला. त्यांना वाटलं, घाईत उलटा ठेवला गेला. वहिनींचं सर्टिफिकेट बिघडायला नको म्हणून त्यांनी तो फिरवला. या प्रिंटरमध्ये कागद तसाच ठेवावा लागतो हे त्यांना माहीत होतं, पण आज जिवाला घोर होता, म्हणाले, सुचलं नाही.

नाव सरळ. चौकट सरळ. संस्थेचा सोनेरी शिक्का मात्र तळाशी, डोकं खाली पाय वर, आणि त्याच्या अंगावरून संचालकांची सही गेलेली.

मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

दोनक्लिककडे गेलो तर रद्द करून दुसरं मिळेल, पण त्यावर ‘दुय्यम प्रत’ येणार. आणि त्या बाईंना सांगावं लागणार. थंड डोक्याने विचार केला. स्टेजवर सर्टिफिकेट फोल्डरमध्ये बंद असतं. स्टेजवर फोल्डर कोण उघडून बघतं? हिला घरी आल्यावर सावकाश, नीट समजावून सांगेन. फोल्डरमध्ये घातलं आणि गठ्ठ्यात ठेवलं.

संध्याकाळी सासूबाई आल्या, कार्यक्रमासाठी मुद्दाम. मला विचारलं, तुमचं प्रिंटर दुरुस्तीचं कसं चाललंय? मी गेली कित्येक वर्षं त्यांना माझा हुद्दा सांगतोय.

२६ मार्च

फोटोग्राफर. त्याचं नाव कुणी घेऊ नये माझ्यासमोर.

सगळ्यांना स्टेजवर ओळीत उभं केलं आणि म्हणाला, फोल्डर उघडा, छातीशी धरा. सगळ्यांनी उघडले. सगळ्यांचे शिक्के वर, गळ्याशी, सोनेरी. हिचा पोटाशी.

फोटोग्राफर ओरडला, ताई, तुमचं उलटं आहे. हिने न बघता फोल्डर फिरवला. आता शिक्का वर आणि नाव उलटं. खाली बसलेल्या दोनक्लिकने हाताने खूण केली, तशी हिने पुन्हा फिरवला. मग खाली वाकून बघितलं. मग पुन्हा फिरवला. हॉलमध्ये थोडं हसू आलं. वाईट अर्थाने नाही, पण हसू ते हसूच. सासूबाईंनी मला विचारलं, ही स्टिअरिंग फिरवल्यासारखं काय करतेय? मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या बुटाला नाडी नाही.

फोटोत नेमकं काय आलंय ते उद्या कळेल.

घरी आल्यावर तिने कुकर लावला. सासूबाईंना जेवायला वाढलं, मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, आवाज न चढवता, की तुम्हाला कालच माहीत होतं ना? मी ट्रेचं, कागदाचं, मामांचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला वाटलं होतं, स्टेजवरची ती दोन मिनिटं तरी माझी असतील. तिथेही मी तुमचंच काहीतरी सरळ करत उभी राहिले.

मी म्हटलं, चूक मामांची आहे. ती म्हणाली, मी मामांशी लग्न नाही केलं.

२७ मार्च

फोटो आला. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. ही खाली बघतेय. फोल्डर आडवाही नाही, उभाही नाही, मधेच कुठेतरी.

फार वाईट वाटलं. कामाच्या वहीत असलं लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण वाईट वाटलं.

संकल्प: उद्यापासून तिला रोज एक गोष्ट विचारायची. तिच्या अभ्यासातली. सुरुवात कशापासून करावी ते ठरवतोय.

३० मार्च

हिची मुलाखत. शुक्रवारी ती स्वतःच ऑफिसात येऊन गेली, मला न भेटता. दोनक्लिकने तिला नवं सर्टिफिकेट काढून दिलं. कोपऱ्यात लाल अक्षरात ‘दुय्यम प्रत’. मामा सांगत होते, वहिनींनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, मामा, मनाला लावून घेऊ नका.

मुलाखतीत म्हणे पहिलाच प्रश्न हा की सर्टिफिकेट परवाचं आणि लगेच दुय्यम प्रत कशी? ही म्हणाली, मूळ प्रत घरी आहे, ती माझ्या यजमानांनी छापली. ते सगळे हसले. पुढची मुलाखत सोपी गेली. नोकरी मिळाली. नऊ तारखेपासून.

म्हणजे एका अर्थी माझ्या छपाईमुळेच वातावरण मोकळं झालं. हे तिला सांगावंसं वाटलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून पुढे ढकललं.

२ एप्रिल

मूळ प्रत कपाटात पडून होती. एक कल्पना सुचली. तिला न सांगता फ्रेम करायला दिली. चांगली लाकडी पट्टी, काच. नोकरीच्या पहिल्या दिवशी भिंतीवर लावलेली दिसेल. फ्रेमवाल्याला म्हटलं, काम सरळ हवं. म्हणाला, काळजीच नको.

या वेळी मधे कुणी मामा नाही, बाई नाही, प्रिंटर नाही. मी आणि फ्रेमवाला.

९ एप्रिल, सकाळ

हिचा पहिला दिवस. ती आत तयार होत होती तेवढ्यात मी फ्रेम कागदातून सोडवली आणि हॉलमधल्या खिळ्याला अडकवली.

नाव उलटं.

फ्रेमवाल्याने शिक्का बघितला. एवढा मोठा, सोनेरी, तळाशी, डोकं खाली. गिऱ्हाईकाने उलटं दिलंय असं समजून त्याने शिक्क्याच्या बाजूला हुक ठोकला. काल फ्रेम देताना म्हणालासुद्धा, साहेब, तुम्ही उलटं दिलं होतं, मी सरळ करून ठेवलंय. मला वाटलं काचेबद्दल बोलतोय. पैसे देऊन घेऊन आलो.

ही बाहेर आली. पांढरा कोट हातावर. भिंतीसमोर थांबली. मी म्हटलं, हुक दुसऱ्या बाजूला ठोकून आणतो, दोन मिनिटांचं काम आहे.

ती हसली. स्टेजनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, नको, राहू द्या आता. ज्याला माझं नाव वाचायचं असेल तो वाकेल थोडा.

मग पर्स घेतली, डबा घेतला, माझाही डबा ओट्यावर आहे म्हणाली, आणि गेली. आमच्या इमारतीत तर लिफ्टच नाही. जिन्यावर तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

घर एकदम मोकळं वाटायला लागलं. पंखा चालू केला, बंद केला. फ्रेमसमोर गेलो. मान वाकडी करून बघितलं, जमेना. मग सोफ्याच्या पाठीवर पाय टाकून डोकं खाली सोडलं, तिथून बरोबर दिसतं. सगळं वाचलं. तिचं नाव, विषय, पहिला वर्ग. इतकी वर्षं हे नाव मी असं सलग वाचलं नव्हतं. शेवटी आडनाव माझं आहे. वाचण्यासाठी मला मात्र उलटं व्हावं लागलं.

मान अवघडली. उठून चहा केला. साखरेचा डबा कुठे असतो ते सापडलं नाही. सगळी कपाटं उघडून बघितली.

बिनसाखरेचाच घेतला. चला, एक संकल्प तरी पाळला गेला.